तीन टिचक्या

माझा धाकटा भाऊ जन्मभर या गावात सायकलवरून ओरडत फिरला. पुढच्या दांड्याला कर्णा बांधलेला, मागच्या कॅरिअरवर बॅटरी, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात माईक. कापडदुकानाचा सेल असो, नळाला पाणी येणार नसो, कुणाचं पोर हरवलेलं असो, गावाला ते आधी त्याच्या तोंडून कळायचं. पोरं त्याला भोंगेकाका म्हणत. मी नुसतं भोंग्या म्हणे. थोरल्या बहिणीला तेवढी मुभा असते.

बोलण्याआधी माईकवर नखानं टिचकी मारायची त्याची रीत होती. एक टिचकी म्हणजे कुणाचं काही हरवलंय. दोन म्हणजे सापडलं. तीन म्हणजे कुणीतरी गेलं. जाहिरातीला टिचकी नाही. "साबणाला कसली टिचकी, ताई?" म्हणायचा. तीन टिचक्या ऐकल्या की बायका गॅस बंद करायच्या, न्हावी अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवायचा, आणि ज्या दारापुढं सायकल उभी असेल तिथं सगळं गाव जमायचं.

मोठ्या शहरातून एकदा त्याला बोलावणं आलं होतं. गाडीत बसून जाहिराती बोलायच्या, वर राहायला खोली. हा गेला आणि दोन रात्री काढून परत आला. "तिथं कुणी मान वर करून बघत नाही गं," म्हणाला. "इथं मी खोकलो तरी लोक विचारतात, कोण गेलं?"

भावजय अगदी कमी बोलणारी. लग्नात लोक म्हणाले होते, बरं झालं, एका घरात दोन भोंगे नकोत. त्याचा आवाज पिठाच्या गिरणीपाशी आला की ती चहाचं आधण ठेवायची, आणि तो चप्पल काढेपर्यंत कप भरलेला असायचा. घड्याळाकडं कधी बघितलं नाही तिनं. पोरबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी कुणापुढं मांडलं नाही.

मग त्याचा घसा बसला. सेलचे दिवस आहेत, बसणारच, असं आम्ही म्हणालो. तो काही उठेना. शेवटी डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला भोक, त्यावर रुमाल. जीव वाचला म्हणून आम्ही सगळ्यांनी हात जोडले. दुसरं काय करणार?

त्याच सुमारास भावजयीच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी किल्ल्या, मग डबे कुठं ठेवलेत ते, मग मी. जन्मभर मला "वन्सं" म्हणणारी ती "अहो बाई" म्हणायला लागली. आणि गळ्याला रुमाल बांधलेला हा मुका माणूस कोण, ते तर तिला मुळीच कळेना. तिला नवरा आठवत होता, पण आवाजासकट. ती दारात उभी राहून गिरणीच्या बाजूला कान लावायची. "आमचे हे आले नाहीत अजून," त्यालाच सांगायची. तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचा. ती पदर सावरून म्हणायची, "बसा ना. येतीलच."

एका दुपारी तो अंघोळीला गेला आणि ती नवऱ्याला शोधायला बाहेर पडली.

मला कळलं ते शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून. मी गुडघे धरत पोचले तोवर भाऊ सायकल घेऊन निघूनही गेला होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यानं ती बाहेर काढली होती. त्यानं पेठेत एक टिचकी मारली. लोक थांबले, कान टवकारले. पुढं शब्दच नाहीत. त्यानं पुन्हा मारली. आता काहीतरी हरवलंय एवढं गावाला कळलं, पण काय आणि कुणाचं ते सांगणार कोण? मग जो तो आपापल्या घरात शिरून बघायला लागला. किराणावाल्यानं गल्ला चाचपला. एका बाईनं पोरं मोजली. कासारणीनं शेळी जागेवर आहे ना बघितलं आणि वर त्यालाच ओरडून सांगितलं, "आमची आहे हो, काळजी नको!" तो हात हलवत होता, तोंड उघडत होता, गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला जुनी सवय सुटत नाही. कुणीतरी त्याला लिमलेटची गोळी दिली.

ऊन उतरायला लागलं. गावाच्या एका अंगाला ट्रकचा रस्ता, दुसऱ्या अंगाला भरून वाहणारा कालवा. तो घामानं निथळत घरापाशी आला. मी म्हटलं, "दे तो माईक इकडं, मी बोलते." बटण दाबून बोलले, पण माईक तोंडाला चिकटवलेला, शब्द नुसते फाटले; ते ऐकून समोरच्या खिडक्या बंद झाल्या. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "निवडणूक लागली वाटतं."

त्यानं माझ्या हातातून माईक घेतला. आपल्याच दारापुढं सायकल उभी केली. माझ्याकडं एकदा बघितलं. जन्मात त्यानं खोटी बातमी दिली नव्हती.

टक. टक. टक.

गाव धावत आलं. न्हावी तर हातात वस्तरा घेऊनच. "कोण गेलं? वहिनी गेल्या?" मी ओरडून ओरडून सांगितलं की गेलं कुणी नाही, ती हरवलीय, शोधा. इस्त्रीवाला भडकला. "अहो काका, जितं माणूस असं मारतात का?" भाऊ हात जोडून उभा. नजर वर उचलेना.

"भांडण मागनं कर," न्हावी इस्त्रीवाल्याला म्हणाला. "कालव्याकडं कोण येतंय?"

माणसं निघाली, तेवढ्यात माझ्या दंडाला मागून कुणीतरी हात लावला. "अहो बाई," ती म्हणाली, "कोण गेलं?"

सगळ्या बायकांबरोबर तीही आली होती. तीन टिचक्या ऐकून, रस्ता न चुकता, डोक्यावरून पदर घेऊन. पायात चपला नव्हत्या. साडी गुडघ्यापर्यंत ओली होती.

तिनं सायकल बघितली, कर्णा बघितला. मग घर बघितलं. "पुकारायला कुणी नाही," ती हळू म्हणाली. "म्हणजे आमचे हेच गेले." आणि ती आपल्या उंबऱ्यावर बसून नवऱ्यासाठी रडायला लागली. तो समोर गुडघ्यांवर बसला, तिचे हात धरले, रुमाल सोडून गळ्याचं भोक दाखवलं. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही ओळखत होता का हो त्यांना? फार छान बोलायचे."

त्यानं माईक ओढून दोन टिचक्या मारल्या. कुणी हसलं नाही. ती तेवढी रागावली. "ठेवा ते. मेल्या माणसाच्या वस्तूला हात लावू नये."

त्यानंतर तो आपल्या घरात पाहुणा म्हणून राहिला. ती त्याला चहा द्यायची, तेही आधी "साखर किती?" असं विचारून. संध्याकाळी नवऱ्याच्या गोष्टी सांगायची: तो कसा बोलायचा, शहरातून कसा पळून आला. तो मान हलवत ऐकायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, "अगं, हाच तो!" तिनं माझ्याकडं अशा दयेनं बघितलं की मी पुन्हा ते काढलं नाही.

थंडीत तो गेला. झोपेतच, ती स्वयंपाकघरात असताना. पुकारायला होतं कोण? मीच सायकल दारापुढं ओढली आणि माईकवर तीन टिचक्या मारल्या. पहिली ती बाहेर आली, हात पुसत.

"कोण गेलं, बाई?"

"आपल्याकडचे पाहुणे," मी म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली. तिनं डोक्यावरून पदर घेतला. "फार सज्जन माणूस. त्यांच्या बायकोला कळवलंय का कुणी?"