वस्ती वेगळी होणार होती

आमच्या वस्तीला स्वतंत्र व्हायचं होतं. वस्ती म्हणजे ओढ्याच्या अलीकडची घरं, कांद्याच्या चाळी आणि दूध डेअरीचं एक पत्र्याचं शेड. पलीकडे गाव. ग्रामपंचायत दोघांची मिळून एकच आणि तिचं ऑफिस गावात. हीच म्हणे आमची गुलामी. निवडणूक लागली तशी डेअरीपाशी रोज संध्याकाळी भाषणं सुरू झाली. वस्तीचं पॅनल निवडून आणायचं, वेगळ्या ग्रामपंचायतीचा ठराव करायचा, मग आपणच आपले राजे. ज्याला स्वतःच्या गोठ्यातलं शेण दिसत नाही, तो राज्य कसं चालवायचं ते सांगत होता.

माझं माहेर त्याच गावात. आमच्या ओट्यावरून आईचं घर दिसतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाच्या पॅनलमधून उभा होता आणि आमचे मालक वस्तीच्या.

एका रविवारी वस्तीच्या पुरुषांनी भंडारा उचलला. खंडोबाची हळद हातात घेऊन शपथ वाहिली, की मतदान होईपर्यंत गावाचं पाणी प्यायचं नाही आणि घरातल्या कुणी गावातल्या माणसाचा उंबरा ओलांडायचा नाही, त्यांना आपला ओलांडू द्यायचा नाही. वस्तीला स्वतःचं देऊळ नाही, म्हणून ही शपथ घ्यायला सगळे गावातल्याच देवळात गेले होते. येताना तिथल्याच न्हाव्याकडून दाढ्या करून आले. घरी येऊन मालक तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. आमचा नळ गावाच्या टाकीचा. मला बोलायची सवय नाही, आणि असल्या लोकांशी बोलून तोंड कशाला दुखवा.

दळण गावच्या गिरणीत जात होतं. पोरं गावच्या शाळेत जात होती. भंडारा आडवा आला तो फक्त माझ्या आईला. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. तिनं निरोप पाठवला होता, "पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड लेकीचं बघायचंय."

मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "देवाची शपथ हाय. पोरावर काय आलं म्हंजे?"

मालक म्हणाले, "तुझ्या आईचे डोळे बघू का वस्तीचं भविष्य?"

'वस्तीचं भविष्य' त्यांनी डेअरीवर ऐकलं होतं. मिळाली जागा, बसवलं.

पट्टी सुटली त्या दिवशी मी ओट्यावर उभी होते. नंतरही रोज उभी राहायचे.

भाऊबीजेला दादा आला. मग भंडाऱ्याचं काय? मालकांनीच तोड काढली. "ओट्यावर बसू द्या. ओट्याला उंबरा कुठंय?" देवाला फसवायची हुशारी मात्र आहे. मी ओट्यावर पाट मांडला. ओवाळताना हळूच विचारलं, "आई?"

"बरी हाय," दादा म्हणाला आणि मालकांकडे वळला. "काय पाव्हणं, स्वतंत्र झाल्यावर बहिणीकडं यायला पासपोर्ट लागल का?"

"लागल की! शिक्का मीच मारणार."

दोघं खो खो हसले. मी चहा ठेवायला आत गेले. कान बाहेरच होते.

"उगं ताणू नका," दादा म्हणत होता. "कुणाचं बी पॅनल येऊ द्या. सरपंच एकाचा, उपसरपंच दुसऱ्याचा. ठरावाचं पुढं बघू."

"मी बी तेच म्हणतो," मालक म्हणाले. "वेगळं व्हायचं म्हंजे टाकी बांधा, पाइपलाइन टाका. लय ताप."

चहा दोघांनी बशीत ओतून भुरके मारत घेतला. गावच्या पाण्याचा.

निघताना दादा म्हणाला, "येत जा की गं घरी. म्हातारी आठवण काढती."

"जा की," मालक म्हणाले. "कोण अडवतंय तुला?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मिशीला चहा लागला होता, बाकी काही नव्हतं.

मी तशीच चप्पल घातली. सासूबाई ओरडल्या, "अगं, मतदान व्हायचंय अजून!" मी थांबले नाही. ओढ्यात घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं.

आई काळा चष्मा लावून दारात बसली होती. मला जवळ घेऊन म्हणाली, "आता लांबचं बी दिसतं गं. रोज दिसायचीस मला, ओट्यावर उभी. मग आली का नाहीस?"

मी म्हटलं, "आई, आमची वस्ती स्वतंत्र होत होती."