छताकडे बघणारी नणंद

जमिनीवरच्या गोष्टींशी जिचा काडीचा संबंध नाही अशी सबंध मुंबईत एकच बाई मला माहीत आहे, आणि ती माझी नणंद आहे. कुठेही गेली की तिची नजर आधी छताकडे. मोठ्या इमारतींतले एसी, पंखे, पंप ज्या वायरीतून एकमेकांशी बोलतात, त्या वायरीचा मार्ग आखणं हे तिचं काम. इतर माणसं काम संपवून घरी येतात, ही काम घेऊन यायची. काळाचौकीच्या आमच्या दोन खोल्यांत फ्रिजची वायर आणि टीव्हीची केबल शेजारी दिसली की हातातला घास ठेवून स्टुलावर चढायची. "पॉवर आणि सिग्नल एकत्र नांदत नाहीत, वहिनी!" घरात दोघं एकदम बोलायला लागले की म्हणायची, "एका वायरवर एका वेळी एकानेच बोलायचं. आधी आई." सासूबाईंना हा नियम फार आवडायचा, कारण त्यांचं बोलणं कधी संपतच नसे.

एकदा दादरच्या हॉटेलात स्थळ पाहायला गेलो. मुलाने विचारलं, "तुमचे छंद काय?" ही वर बघत म्हणाली, "इथे फांदी काढलीय." वायर एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ओळीनेच जायला हवी, मधूनच फांदी काढली की निरोप अडखळतात, हे आम्हाला पाठ होतं. मुलाला नव्हतं. स्थळ गेलं.

मग परळची ती नवी इमारत आली. एसीच्या कंत्राटदाराचा इंजिनीअर माहीमच्या कोळीवाड्यातला. मालकाच्या केबिनसाठी त्याने ऐन वेळी मधूनच एक वायर ओढली.

"मॅडम, उद्या छत बंद होणार. एवढीशी तर वायर आहे."

"मग एवढीशी काढायला काय जातंय?"

तिचे साहेब म्हणाले, वायरिंग बरोबर आहे म्हणून सही कर नाहीतर दुसरी नोकरी बघ. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. "वहिनी, नोकरी गेली तर गं?" "गेली तर गेली," मी म्हटलं खरं, पण रात्री उठून घरखर्चाचा हिशेब मांडून बसले.

सकाळी जाऊन ती थेट शिडीवर चढली, छताचं शेवटचं पॅनल बसायचं होतं तिथेच.

"अहो, उतरा. पडाल."

"फांदी काढा, उतरते."

इंजिनीअर आधी भांडला, मग शिडी हलते म्हणून धरून उभा राहिला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने ती वायर स्वतःच्या हाताने काढून ओळीत घेतली. तिने सही केली, नोकरी वाचली. साहेब मात्र बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी तो इंजिनीअर आमच्या दारात हजर. नकाशातलं काहीतरी विचारायचं होतं म्हणे. ते फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवरून पापलेटं देता येत नाहीत. सासूबाईंनी पिशवीत डोकावून त्याला बसायला सांगितलं.

त्याच्या आईला सून कोळीवाड्यातलीच हवी होती. ही एकटी जाऊन त्यांना भेटून आली. परत आली तेव्हा आम्ही सगळे दारातच. "काय बोललीस त्यांच्याशी?" "काहीच नाही. त्या बोलत होत्या ना! निघताना म्हणाल्या, पोरगी गुणाची हाय." लग्न आमच्या बुद्धविहारात लागलं आणि जेवण कोळीवाड्याने केलं.

लग्नानंतर काही दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. सगळे चांगले आहेत, तिच्या सासूबाई बोंबील साफ करायला शिकवताहेत, असं भरभर सांगितलं आणि मग एकदम विचारलं,

"वहिनी, तू लग्न होऊन आमच्याकडे आलीस ना, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का गं?"

"काय?"

"करमतंय का म्हणून."

मी आठवून पाहिलं. "नाही गं."

"मी तरी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.