भावोजींनी शिकवलेला फॉक्सट्रॉट

आरंभीच क्षमा मागतो. आमच्या घरात स्वतःची सही करणारा मी पहिला माणूस, आणि कॉलेजची पायरी चढणाराही पहिलाच. अशाने आठवणी लिहाव्यात आणि त्या चार लोकांपुढे ठेवाव्यात, हा आगाऊपणा आहे हे मला कळते. ज्याच्या हातून काही थोर घडले त्याने लिहावे. माझ्या हातून एक नाच घडला, आणि तोही आधी चुकीचा. शिवाय मी रागात लिहितो आहे. राग निवल्याशिवाय लेखणी उचलू नये असे आमचे गुरुजी सांगत. मी वाट पाहिली. निवला नाही.

त्या वर्षी मी मुंबईला रसायनशास्त्राची शेवटची परीक्षा दिली आणि मे महिन्यात आगबोटीने घरी आलो. घर रत्नागिरीला, मांडवीत. वडील मालवाहू मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. कौले, सुपारी, मीठ, जे मिळेल ते वाहत. परीक्षेआधीच मी मुंबईच्या एका ट्रस्टकडे अर्ज केला होता. तो ट्रस्ट दर वर्षी कोकणातल्या एका विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवी. माझे मार्क चांगले होते. निवड करणाऱ्यांपैकी एक इंग्रज साहेब आमच्याच जिल्ह्यात एका खात्यावर मोठे अधिकारी होते. त्यांनी मला एकदा बंगल्यावर बोलावून दोन-चार प्रश्न विचारले होते आणि "बघू" म्हणून परत पाठवले होते. त्या 'बघू'वर मी जगत होतो.

वडिलांना हे पसंत नव्हते. बंदरावरच्या कस्टम कचेरीत कारकुनाची जागा रिकामी होती.

"उद्या जा आणि चिकट," ते म्हणाले. "पाऊस लागला की जागा राहायची नाय."

"विलायतेचं ठरेपर्यंत थांबा, बाबा."

"ठरवणारा कोण? तू?"

एवढ्यात साहेबांचे हेडक्लार्क आमच्या दारात आले. छत्री मिटून पडवीत बसले, आईने दिलेले पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "साहेबांनी विचारलंय, तुला नाचता येतं काय?"

मला वाटले थट्टा करतात. "जाखडी येते," मी म्हणालो. खरेच येत होती. गणपतीत पायात चाळ बांधून आम्ही सगळेच नाचत असू.

"अरे, जाखडी नव्हे! साहेबी नाच. मडमेबरोबरचा. क्लबात पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे. साहेब म्हणाले, त्या केमिस्ट्रीवाल्या मुलाला विचार, येत असेल तर पाठव."

मी काय समजायचे होते? ज्या माणसाच्या हातात माझे विलायतेला जाणे होते तो विचारत होता की मला साहेबी नाच येतो का. विलायतेला जाणाऱ्याला चारचौघांत वावरता येते की नाही हे ते पाहणार, असेच मी समजलो. कोणीही समजला असता. मी म्हणालो, "शिकतो."

शिकवणार कोण, हा प्रश्न आईने सोडवला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, विलायतेला जाणाऱ्या बोटीवर जेवणघरात वाढपी होते. तेव्हा ते रजेवर आले होते.

"ह्यात काय!" भावोजी म्हणाले. "बोटीवर रोज रात्री चालतं हे. फॉक्सट्रॉट म्हणतात त्याला. कोल्ह्याची चाल."

"कोल्ह्याची?" आई म्हणाली. "गेल्या साली माझी तलंग कोंबडी नेली त्याची?"

"तोच, मामी. पण हा बूट घालून येतो."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, शिकवणी सुरू झाली. अर्ध्या खळ्यात आईने चटयांवर कोकमाची सोले वाळत टाकली होती. उरलेला अर्धा भाग आमचा. बूट घालायची सोय नव्हती. शेणाने सारवलेल्या खळ्यात चामडे आणू देणारी माझी आई नव्हे. तेव्हा अनवाणीच.

भावोजी म्हणाले, "माझ्या पायाकडे बघ आणि तसंच कर. लांब, लांब, तोकडं-तोकडं. दोन पावलं सावकाश टाकायची, मग एक बाजूला चटकन आणि दुसरं त्याला चटकन चिकटवायचं. झालं."

ऐकायला सोपे. पण आमचे पाय जांभ्या दगडाच्या सड्यावर वाढलेले. सड्यावर चालायचे तर पाऊल उचलून वरून टाकावे लागते, नाहीतर अंगठा फुटतो. त्यात जाखडीची सवय. ताल आला की माझी टाच आपटायचीच.

"आपटू नको रे! तू मडमेचा पाय मोडशील. जमिनीला घासत ने. पाऊल उचललंस असं दिसताच कामा नये."

मी घासू लागलो, तर आई आतून ओरडली. पाय घासत चालणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही असे तिने आम्हाला लहानपणापासून बजावले होते, आणि त्यासाठी पाठीत धपाटेही घातले होते. आता बी. एस्सी.ची परीक्षा दिलेला तिचा मुलगा तिच्याच डोळ्यांदेखत, तिच्याच सारवणावर, पाय घासत होता. संध्याकाळी तिने माझ्या पायांनी उकरलेली जमीन पाहिली. शेण कालवले आणि पुन्हा सारवले. रोज सारवत होती. मला विलायतेला जायचे होते म्हणून.

एकट्याची पावले बसल्यावर भावोजींनी माझा हात धरला, दुसरा हात पाठीवर ठेवला, आणि आम्ही दोन पुरुष खळ्यात फिरू लागलो. पावले मी टाकायची, ते नुसते समोरून मला रेटत चालत. आमच्या दगडी गडग्यापलीकडून बाजाराची वाट जाते. मासळी विकून परतणाऱ्या बायका टोपल्यांसकट थांबल्या.

"काय गो हे? झुंज हाय की लगीन?"

"लगीनच असेल. बघ, नवरी कशी मागंमागं सरतेय!"

"अरे कॉलेजवाल्या, बहिणीला सवत आणलीस काय?"

बहीण पडवीत खांबाला धरून हसत होती. मला हसू येत नव्हते. मी लांब, लांब, तोकडे-तोकडे मोजत होतो, आणि त्या हसणाऱ्या बायकांचा, हसणाऱ्या बहिणीचा, स्वतःच्या घामेजल्या हातांचा मला संताप येत होता. माझे मार्क पुरेसे का नव्हते? ज्या मुलांच्या घरी ग्रामोफोन आहे त्यांना कोणी असे खळ्यात नाचवले होते का? पण मी थांबलो नाही. शनिवारपर्यंत माझे पाय भावोजींच्या पायांसारखे फिरू लागले. ते म्हणाले, "आता तुला बोटीवर कोणी हसणार नाय."

क्लब टेकडीवर होता. भावोजींचे काळे बूट घालून मी गेलो. बोटीवरून मिळालेले ते बूट त्यांनाही सैल होते, म्हणून पुढे कापूस कोंबला होता. दाराशी हेडक्लार्क उभे होते. त्यांनी मला आत लोटले. ग्रामोफोन चालू होता, फरशीवर काहीतरी पांढरी पूड टाकून ती गुळगुळीत केली होती. साहेबांनी मान हलवली आणि आपल्या मडमेकडे बोट दाखवले.

बाईंनी माझा हात धरला. मी मनात म्हटले, लांब, आणि उजवा पाय मागे घेतला. त्याच क्षणी त्यांनीही उजवा पाय मागे घेतला. पुन्हा लांब. पुन्हा दोघेही मागे. बंदरात पडाव किनाऱ्याला लावताना दोन खलाशी दोरखंडाची दोन टोके ताणून उभे राहतात तसे आम्ही त्या दिवाणखान्याच्या मधोमध हात ताणून उभे राहिलो. कोणीतरी मोठ्याने हसले. मग सगळेच हसले.

"अरे देवा," बाई इंग्रजीत म्हणाल्या, "तू तर बाईची पावलं शिकला आहेस! कोणी शिकवलं?"

"माझ्या बहिणीच्या यजमानांनी."

"ते कुठे नाचतात?"

"बोटीवर."

"अच्छा! अधिकारी आहेत?"

"नाही," मी म्हणालो. "ताटं उचलतात."

त्यावर कोणी हसले नाही. ते हसले असते तर बरे झाले असते असे मला आजही वाटते. बाईंनी नुसते "हं" म्हटले आणि माझा डावा गुडघा हाताने पुढे ढकलला, जसा बैलाचा पाय खुराला नाल ठोकताना ढकलतात. "डावा. पुढे. मी मागे जाईन, तू पुढे यायचं." लांब, लांब, तोकडे-तोकडे, तेच सगळे, फक्त पुढे. आश्चर्य म्हणजे लवकर जमले. बाई काय करणार हे माझ्या पायांना आधीच ठाऊक होते. आठवडाभर मी तेच तर केले होते.

मग मला बसू दिले नाही. साहेबांच्या बाई झाल्यावर डॉक्टरांच्या बाई आल्या, त्यानंतर त्यांची पाहुणी, पुन्हा साहेबांच्या बाई. तबकडी संपली की किल्ली दिली जाई आणि दुसरी कोणी माझ्यापुढे उभी राही. बुटातला कापूस गोळा होऊन बोटांना रुतत होता. मला तहान लागली होती, पण परीक्षेत पाणी मागितले तर मार्क जातील असे वाटून मागितले नाही. साहेब व्हरांड्यात चिरूट ओढत अधूनमधून आत पाहत. त्यांनी पाहिले की मी पाठ ताठ करी.

निघताना ते म्हणाले, "उत्तम. फार उत्तम. कळवू."

सकाळी भावोजी पडवीत दात घासत होते. मी बूट त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला.

"तुम्ही मला बाईची पावलं शिकवलीत! सगळे हसले मला."

त्यांनी चूळ भरली.

"मला तेवढीच येतात," ते म्हणाले. "जेवणघर बंद झालं की बोटीवरचे बँडवाले नाचाचा सराव करायचे. आमच्यातला सगळ्यात बुटका मी. मग मला मडम करायचे. दिवसभर उष्टी ताटं उचलायची आणि वर त्यांच्या मिठीत मागंमागं सरायचं. मला वाटलं, नाच म्हणजे हाच. पुढं जाणाऱ्याचे पाय बघायला मला कोणी उभंच केलं नाय." मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "आणि हसले तर हसले! 'उत्तम' म्हणाला ना साहेब? मग मला कशाला ओरडतोस?"

खरे होते. उत्तम म्हणाले होते. माझा राग तेव्हा तिथे संपला, कारण मला आशा वाटत होती. आशा असली की माणूस बरेच काही पोटात घालतो. भावोजी आपल्या बोटीवर परत गेले. जाताना आईला म्हणाले, "मामी, पुढच्या खेपेला तुमचा लेक माझ्या बोटीत बसेल. मी त्याला वाढीन."

पावसाळा लागला, आगबोटी बंद झाल्या. वडिलांनी मचवा वर ओढून झावळ्यांनी शाकारला आणि मला कस्टमच्या जागेबद्दल पुन्हा विचारले. मी म्हणालो, आता तर थांबलेच पाहिजे, साहेबांनी 'कळवू' म्हटले आहे. आषाढात ती जागा संगमेश्वराकडच्या एका मुलाला मिळाली. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणेच सोडले. काही सांगायचे असले की आईला सांगत: "त्याला म्हणावं जेवायला बस."

मी दोनदा साहेबांच्या कचेरीत गेलो. एकदा साहेब फिरतीवर होते. दुसऱ्यांदा पट्टेवाल्याने ओल्या व्हरांड्यात दुपारपर्यंत उभे केले आणि मग म्हणाला, आज भेट नाही. परीक्षेचा निकाल लागला होता, मी पहिल्या वर्गात आलो होतो. हे सांगायलाच मी गेलो होतो.

गणपतीच्या तोंडावर बाजारात हेडक्लार्क दिसले. हातात गणपतीवरच्या माटवीला टांगायच्या कवंडळांची, म्हणजे रानफळांची, जुडी होती. मी त्यांना अडवले. नमस्कार केला, निकाल सांगितला, आणि विचारले की ट्रस्टचे काय झाले.

"तुला कळलं नाही अजून?" ते म्हणाले. "यंदा कोणालाच पाठवायचं नाही असं ठरलं."

"कधी ठरलं?"

"झाले की बरेच महिने. एप्रिलातच. साहेब स्वतः होते त्या बैठकीला."

बाजारात गर्दी होती. मला वाटले मी नीट ऐकले नाही. "एप्रिलात? पण मला तर मे महिन्यात क्लबात बोलावलं. नाच येतो का म्हणून तुम्हीच विचारायला आलात."

"हो, मग?" हेडक्लार्कांनी जुडी या हातातून त्या हातात घेतली. ते वाईट माणूस नव्हते. मला समजावून सांगत होते. "त्या सुमारास साहेब लोकांतले दोघे आजारी पडले होते. मडमांना नाचायला पुरुष कमी पडत होते, बाबा."