मामीच्या बरणीचं झाकण

रियाधमध्ये मी आजवर जेवढी माणसं पाहिली, त्यांत स्वतःच्या इकाम्यापेक्षा, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यापेक्षा, भट्टीच्या तब्येतीची काळजी जास्त करणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे आमचे भट्टीवाले मामा. मामा माझे सख्खे सोडा, लांबचेही कोणी लागत नव्हते. ते संगमेश्वराकडचे कुंभार, मी लांज्याचा इलेक्ट्रिशियन. रियाधमध्ये एका खोलीत आमच्या खाटा शेजारी शेजारी आल्या आणि नातं आपोआप जडलं. एका सौदी बाईंनी हौसेनं मातीकामाचा स्टुडिओ काढला होता. तिथे बायका चाकावर भांडी करायला शिकत आणि ती भाजून द्यायचं काम मामांचं. भट्टी विजेवर चालणारी. तिच्या तारा जळल्या की मामा मला बोलावत आणि मी पान्हा घेतला की माझ्या डोक्यावर उभे राहून म्हणत, "हळू रे मेल्या, हळू. तिला दुखतं."

भट्टी ही मामांच्या लेखी बाईमाणूस होती. तिचं दार उघडायच्या आधी ते चपला बाहेर काढत. ती तापत असताना कोणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. ती निवत असताना तर ते दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती फेऱ्या मारत, कारण हात मोकळे राहिले तर दार लवकर उघडायचा मोह होतो आणि गार हवा लागून भांडी तडकतात. विटांच्या खाचांत, जिथे तारांची वेटोळी बसवलेली असतात, तिथली धूळ ते टूथब्रशनं साफ करत. एकदा आमचा तिसरा खोलीवाला दोन दिवस आपला ब्रश शोधत होता. तो मिळाला तेव्हा त्याला दात घासण्यात रस उरला नाही. महिनाभर तो मामांशी बोलला नाही आणि मामांना ते महिनाभर कळलंही नाही.

पण भट्टी परवडली, असं झिलईचे प्रयोग बघून वाटायचं. मातीच्या भांड्यावर काचेसारखा थर चढतो ती झिलई. ती कशाकशापासून होते याचा शोध मामा घेत आणि त्याचे हाल आम्ही सोसत. समोरच्या तंदूरवाल्या अफगाण्याकडून ते राख आणत. खजुराच्या झावळ्या जाळत. कंपनीनं मला महिनाभर हाइलला शेतीच्या पंपांवर पाठवलं, तर येताना माझ्याकडून गव्हाच्या काडाची राख मागवली. मी दोन पिशव्या भरून आणली. मामांनी बोटावर घेऊन जिभेला लावली आणि म्हणाले, "बरी आहे. पण शेणाचा वास मारते." मंदी, म्हणजे अरबी मटण-भात, विकणाऱ्या हॉटेलातून बकऱ्याची हाडं आणून, ती भाजून, कुटून त्यांनी एक झिलई केली. त्या आठवड्यात इमारतीतली झाडून सगळी मांजरं आमच्या दारात बसून होती. आणि या सगळ्या प्रयोगांचे कप आमच्याच खोलीत यायचे. एकातून चहा पाझरायचा, एकाचा थर ओठाला कचकचायचा, एक तर उन्हं आली की आपला आपणच टिचकन वाजायचा. मी तक्रार केली की मामा म्हणत, "चहा पिऊ नको. रंग बघ."

रंग त्यांना एकच हवा होता. लोणच्याच्या जुन्या बरण्या असतात ना, खाली पिवळट आणि खांद्याला काळपट तपकिरी, तो खांद्याचा तपकिरी. मामीनं माहेराहून तशी एक बरणी आणली होती. मामा शेवटचे घरी गेले तेव्हा फडताळावरून ती उतरवताना त्यांच्या हातून झाकण पडलं आणि फुटलं. कुंभाराच्या हातून फुटलं, त्यामुळे ते त्यांना फार लागलं. मामी तोंडाला दादरा बांधून लोणचं ठेवू लागली. "पुढच्या खेपेला झाकण करून आणतो," असं सांगून मामा निघाले. निघताना मामीनं सुतळीनं बरणीच्या तोंडाचा घेर घेऊन दोन गाठी मारून दिल्या. ती सुतळी मामा इकाम्याच्या पाकिटात ठेवत.

ती पुढची खेप आली नाही. मामा स्टुडिओआधी ज्या टाइल्सच्या कारखान्यात होते तो बंद पडला आणि कफील, म्हणजे इकामा काढून देणारा मालक, असा नाहीसा झाला की त्याचा फोनही लागेना. इकामा संपला. इकामा नाही म्हणून बाहेर जायचा शिक्का नाही, आणि कफील नाही म्हणून इकामा नाही. स्टुडिओच्या मॅडमनी बिचाऱ्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. दर वेळी उत्तर एकच, "बुकरा." उद्या. या उद्याची सात वर्षं झाली. मामा स्टुडिओ आणि खोली सोडून फारसे कुठे फिरकत नसत. शहरात मेट्रो सुरू झाली, आम्ही सगळे बसून आलो. मामांनी ती लांबून पाहिली आणि "चांगली आहे, आवाज कमी करते," एवढंच म्हणाले.

माणूस जाऊ शकत नव्हता, पण झाकण जाऊ शकत होतं. गावाकडे कोणी निघालं की मामा त्याच्या सामानात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक झाकण घालत. माती भाजली की आक्रसते, म्हणून सुतळीपेक्षा किती मोठं करायचं याचा हिशोब त्यांनी खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीनं मांडला होता. मग शुक्रवारी सकाळी भट्टी उघडून झाली की मामीचा व्हिडिओ कॉल. "जरा सैल होतंय हो," मामी सांगे. किंवा, "घट्ट बसतंय, निघता निघत नाही." एवढं ऐकलं की मामा आनंदानं पुन्हा मातीला लागत. मूलबाळ नसलेलं ते जोडपं अर्धा अर्धा तास झाकणाबद्दल बोलायचं. आम्ही पोहे करत ते ऐकायचो.

रंगासाठी मामांनी जे केलं ते मात्र मला महागात पडलं. जुनी माणसं तापलेल्या भट्टीत मीठ टाकून भांड्यांवर झिलई आणत, हे त्यांना आजोबांकडून ठाऊक होतं. आजोबांची भट्टी लाकडाची होती, ही विजेची आहे, एवढा तपशील त्यांनी सोडून दिला. भोकातून मूठ मूठ करत किलोभर मीठ आत गेलं. मिठाच्या वाफेनं तारा अशा खाल्ल्या की मी हात लावला तेव्हा त्यांचे तुकडे पडले. मॅडम कपाळाला हात लावून "हराम अलैक, हराम अलैक" करत होत्या आणि मामा भट्टीपुढे खाली बसून तिची माफी मागत होते. मला सगळ्या तारा नव्यानं ओढाव्या लागल्या. मामा चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "मीठ नको. आपली जांभ्याची माती पायजे. तिच्यात लोखंड असतं." त्याच महिन्यात मी सुट्टीवर जाणार होतो. येताना अंगणातली लाल माती दोन किलो आणली. रियाधच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पिशवी उघडून विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "मिट्टी." "किस लिए?" "बरनी के ढक्कन के लिए." तो हात हलवून म्हणाला, "यल्ला, जाव."

त्या मातीच्या झिलईनं मामांना रंग मिळाला. त्यांनी एकाच गोळ्यातून, एकाच मापाची दोन झाकणं केली आणि भट्टीत शेजारी शेजारी ठेवून भाजली. पहिलं चिपळूणच्या एका माणसाबरोबर गेलं. मामी म्हणाली, "सैल होतंय." दुसरं मामांनी ठेवून दिलं आणि माझ्या पुढच्या सुट्टीत माझ्याबरोबर दिलं. "तू स्वतः जा," म्हणाले. "बसवून बघ."

मी गेलो. मामी ठेंगणी, हसतमुख. माझ्यापुढे घावणे आणि चहा ठेवला. मी झाकण काढलं आणि बरणी मागितली. मामी पदराला हात पुसत उभी राहिली. मग मला परसात घेऊन गेली. कढीलिंबाच्या बुंध्याशी आळ्यात पिवळे आणि तपकिरी तुकडे रचून ठेवले होते.

"बरणी कधीच फुटली रे बाबा," मामी म्हणाली. "हे गेले त्याच वर्षी. मांजरानं पाडली."

"मग तुम्ही सैल, घट्ट..."

"सांगून काय करू? तिकडे त्यांना दुसरं काय आहे? हे झाकणात गुंतलेले असतात, तेवढेच दिवस जातात. तू सांगू नको हां. काहीपण सांग. सैल सांग नायतर घट्ट सांग."

घरात सगळी झाकणं होती. एक दुधावर, एक मिठावर, एक पाण्याच्या कळशीवर. मी नेलेलं तिनं देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. मी वचन दिलं आणि परतलो.

खोलीत पाऊल ठेवल्याबरोबर मामांनी विचारलं, "बसलं?" विमानात मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. "जरासं घट्ट होतंय, मामा." मामांनी भिंतीवरचा हिशोब एकदा वाचून काढला. मग म्हणाले, "घट्ट का? बरं, बरं." आणि हात धुऊन मातीला लागले. त्यानंतर त्यांनी आणखी तीन झाकणं पाठवली. मी प्रत्येक वेळी ती टॉवेलमध्ये गुंडाळायला मदत केली. मला माझीच लाज वाटायची, पण मामीला दिलेलं वचन मोडवेना.

मग एका मंगळवारी मामांच्या पुतण्याचा गावाहून फोन आला. मामी गेली. सकाळी दळण ठेवता ठेवता खाली बसली ती उठलीच नाही. मॅडमनी त्या दिवशी पुन्हा सगळे फोन फिरवले. उत्तर आलं, बुकरा. पुतण्या व्हिडिओवर अंत्यविधी दाखवत होता. मामांनी फोन माझ्या हातात दिला, स्टुडिओत गेले आणि भट्टीच्या खाचा साफ करत बसले. मी तिकडे गेलो. मला राहवेना. म्हटलं, "मामा, माफ करा. ती बरणी..."

"फुटली होती," मामा म्हणाले. ब्रश थांबला नाही. "एकाच मापाची दोन झाकणं. ती एकाला सैल म्हणाली. दुसऱ्याला तू घट्ट म्हणालास. बरणीचं तोंड काय असं बदलतं? कुंभाराचा पोर आहे मी."

"मग पुढची तीन कशाला केलीत?"

मामांनी ब्रश खाली ठेवला. "झाकणाचं बोलणं नसतं, तर तिनं विचारलं असतं, कधी येताय. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं रे." एवढं बोलून ते रडले. माणूस रडतो तसे साधे रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

बाहेर जायचा शिक्का पाच महिन्यांनी मिळाला. मामा गेले, कायमचे. जाताना भट्टीला हात लावून पाया पडले आणि मला बजावून गेले, की दर महिन्याला खाचा साफ कर आणि टूथब्रश स्वतःचा वापर.

गेल्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. त्यांनी कढीलिंबाखालचे तुकडे उकरून काढले होते. तोंडाकडचा एक मोठा तुकडा शाबूत सापडला, त्याची गोलाई प्रत्येक झाकणाला लावून पाहिली. रंगही पाहिला.

"तू नेलेलं रे," मामा म्हणाले. "देव्हाऱ्याजवळचं. ते आणि त्याच्या जोडीचं."

"घट्ट होतं का?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

"नाही रे," मामा म्हणाले. "बरोब्बर होतं."