बनशंकरी बंदराला लागते

हे क्षीरसागरशयना नारायणा, लाटांच्या शय्येवर निजूनही तीरावरच्या प्रत्येक दिव्याची काळजी वाहणाऱ्या देवा, तुझ्या चरणी माथा. आणि हे माते बनशंकरी, तू तर वनाची देवता. तरी तुझ्या एका लेकराने तुला उचलून थेट दर्यावर नेले. त्याचे ते धाडस गोड मानून घे, माझ्या वाणीला बळ दे, म्हणजे त्या लेकराचे नाव घेतो.

हणमंतराव कदम.

बेंगळुरूला समुद्र नाही. तळी आहेत, तीही बुजत चाललेली. कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर इथे आलेल्या कदमांच्या घराण्यात कोणी घोड्यावर बसले, कोणी कापडाच्या दुकानात बसले, कोणी कचेरीत बसले. जहाजावर चढणारे हणमंतराव पहिले. मालवाहू जहाजावर ते रेडिओ अधिकारी होते. कानाला हेडफोन लावायचा, वादळाच्या खरखरीतून येणारी टिकटिक टिपायची, संकटातल्या जहाजाची हाक कप्तानाला कळवायची, हे त्यांचे काम. इतरांनी दर्या डोळ्यांनी पाहिला. हणमंतरावांनी तो कानांनी प्यायला. आणि जे ऐकले, ते कादंबऱ्यांतून लिहिले.

त्या कादंबऱ्यांतल्या जहाजाचे नाव 'बनशंकरी', कप्तानाचे नाव मल्हारी. कप्तान मल्हारी होकार देताना कानडी 'सरी' म्हणे, कारण हणमंतरावांच्या गल्लीत दूधवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत सारेच तसे म्हणत. कोल्हापूर-साताऱ्याच्या वाचकांना वाटले, ही खलाशांची खास बोली असणार! दुसऱ्या लेखकांचे कप्तानही मग 'सरी, सरी' म्हणू लागले. मालनबाईंना ते वाचून हसू आवरत नसे.

या मालनबाई म्हणजे हणमंतरावांच्या पत्नी. पती दर्यावर असला, की दर शुक्रवारी राहुकाळात त्या बनशंकरीच्या देवळात जात. लिंबू मधोमध कापायचे, रस पिळायचा, साल उलटी करून तिची इवलीशी वाटी करायची, तुपात भिजवलेली वात ठेवून देवीपुढे उजळायची. हणमंतरावांनी हाच दिवा उचलून कादंबरीत ठेवला: नांगर उठण्याआधी धक्क्यावर लिंबाचा दिवा लागल्याशिवाय 'बनशंकरी' बंदर सोडीत नसे. वाचकांना तो दिवा असा काही भावला, की पुढच्या लेखकांनीही तो घेतला. दिवाळी अंकांतल्या साहसकथा आल्या, खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या आल्या, आता मोबाइलवर ऐकायच्या मालिका आल्या. जहाज कोणाचेही असो, लिंबाचा दिवा मालनबाईंचा!

पण शेवटच्या कादंबरीत घात झाला. 'बनशंकरी' वादळात सापडली, तिचा वायरलेस मुका झाला, वायरलेसवाला पोरगा हाका देत राहिला, आणि कादंबरी तिथेच थांबली. पुढचा भाग यायचा होता. तोवर उपग्रह आले, जहाजांवरून रेडिओ अधिकारी उतरले, हणमंतराव घरी आले आणि त्यांनी लेखणी खाली ठेवली. "जिथं ऐकणाऱ्याची गरज उरली नाही, तिथलं मी काय लिहू?" एवढेच ते म्हणाले.

मालनबाईंनी वाद घातला नाही. त्या शुक्रवारी देवळात जात राहिल्या. पती तर घरी आला होता; दिवा मात्र चालूच होता. दिवा आता त्या जहाजासाठी होता. हणमंतरावांनी ते घरी आणावे, एवढीच त्यांची आस होती. वर्षे लोटली. हणमंतरावांची ऐंशी उलटली, त्यांच्या डोळ्यांपुढे धुके दाटले, आणि मालनबाईंच्या मनाला धाकधूक लागली, की हे जहाज आता कोण आणणार?

अशाच एका शुक्रवारी, देवळात न्यायची लिंबे निवडत त्या बसल्या असताना, देवव्रत नावाचा तरुण येलहंक्याहून अख्खे शहर ओलांडून जयनगरच्या त्या घरी आला. पुण्याचा मुलगा, दिवसा कंपनीत नोकरी, उरल्या वेळात मोबाइलवरच्या सागरी मालिकेचे लेखन. तो दोघांच्या पाया पडला.

"काका, तुमची बुक्स वाचून मी लिहायला लागलो. माझ्या जहाजावरपण लिंबाचा दिवा आहे. कोकणातल्या खलाशांची जुनी रीत ना ती?"

"कोकण कुठलं आलं, अण्णा!" मालनबाई हसल्या. "इथून दोन हाकांवरच्या देवळातली रीत ती. तुझे खलाशी माझ्या मागं रांगेत उभे राहिले असतील!"

हणमंतराव मात्र हसले नाहीत. "दिवा नेलास, 'सरी' नेलंस. आता काय न्यायला आलायस?"

देवव्रत चाचरला. "काका, परमिशन हवी होती. माझ्या सीझनच्या शेवटी 'बनशंकरी' दाखवायचीय. ती... बुडताना. लोक रडतील, काका!"

मालनबाईंच्या हातातले लिंबू हातातच राहिले.

"बुडव," हणमंतराव शांतपणे म्हणाले. "इतक्या वर्षांत बुडालीच असेल ती."

"बुडवायची नाही!"

त्या घरात मालनबाईंचा आवाज कधी चढला नव्हता. हणमंतरावांनी मान वळवली. "तुला काय झालं गं?"

"अहो, दर शुक्रवारी मी दिवा कुणासाठी लावते, असं वाटलं तुम्हाला?"

"माझ्या गुडघ्यांसाठी."

"गुडघे तुमचे दुखतात, बुडत नाहीत! तुम्ही आलात घरी. ती कुठं आली अजून? जो आला नाही, त्याच्यासाठी दिवा. कप्तान मल्हारी नाही आला, तुमचा तो वायरलेसवाला पोरगा नाही आला. तुम्ही विसरलात. मी कशी विसरू?"

श्रोतेहो, साऱ्या दर्याच्या हाका ज्याने ऐकल्या, त्याला उशाशी चाललेली ही हाक ऐकू आली नव्हती. हणमंतरावांचे बोट खुर्चीच्या हातावर वाजू लागले. टक, टक-टक, टक. मालनबाईंनी तो ताल ओळखला. लिहिण्यापूर्वी ते असेच बोट वाजवीत.

"मोबाइलवर आवाज उतरून घेता येतो ना रे?" त्यांनी विचारले.

"येतो, काका."

"मग धर पुढं. आणि स्वल्प गप्प बस."

धुके दाटल्या डोळ्यांचा तो वृद्ध बोलू लागला. वादळाने मोडलेली एरियल. तिच्या जागी धुराड्यापासून डोलकाठीपर्यंत ताणलेली सुटी तार. संपत आलेली बॅटरी. भिजलेल्या हातांनी हेडफोन दाबून धरणारा वायरलेसवाला. कितीदा हाक दिली, उत्तर नाही. शेवटी खरखरीच्या तळातून किनाऱ्यावरच्या केंद्राची बारीक टिकटिक आली. कप्तान मल्हारी म्हणाला, "सरी." आणि कारवारच्या धक्क्याला, पहाटेच्या उजेडात, 'बनशंकरी' लागली. मालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

देवव्रतने मालिकेचा शेवट बदलला. बुडणे गेले, घरी येणे आले, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी हणमंतरावांचे नाव आले. लोक रडायचे ते रडलेच.

पुढच्या शुक्रवारी मालनबाई पुन्हा लिंबे निवडू लागल्या.

"आता कुणासाठी?" हणमंतरावांनी विचारले. "आली ना ती?"

"या देवव्रतच्या जहाजांसाठी. हा कुठल्या सीझनला कुणाला बुडवील, भरवसा आहे का?"

हणमंतराव खदखदून हसले, काठी शोधली आणि म्हणाले, "थांब, मीही येतो."

हे माते, हे नारायणा, त्या दोन दिव्यांना वारा लागू देऊ नका. हणमंतरावांच्या कानांत लाटांचे गाणे राहो, मालनबाईंच्या ओंजळीत ऊब राहो. त्या घरातून निघालेला प्रत्येक जण दिवेलागणीपर्यंत सुखरूप परत येवो, आणि त्या दिव्यावर आपली वात पेटवून घेणाऱ्या सर्व लिहित्या हातांचे कल्याण होवो.