कुणाला विचारावं लागू नये म्हणून

भाऊ गेल्याचा फोन कारखान्यात आला तेव्हा आम्ही डबे उघडून बसलो होतो. शेठच्या पुतण्यानं, मिलिंदनं फोन घेतला. रिसीव्हर ठेवून म्हणाला, "धुळ्याहून होता. आपले भास्करभाऊ वारले, हार्टनं." आणि त्याच दमात, "मॅन्युअलची दुसरी कॉपी आहे ना गं आपल्याकडे?" मी म्हटलं, आहे. तो जेवायला बसला. त्या दिवशी कुणीतरी शेवभाजी आणली होती, तीही संपली. मला रडू वगैरे काही आलं नाही. राग आला, आणि तो भाऊंचाच आला. महिना उलटला तरी तो उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आणि तेलमिलच्या यंत्रांसाठी कंट्रोल पेट्या बनवतो. प्रत्येक पेटीत एक चिमुकला कॉम्प्युटर, आणि त्याच्यात एक कर्नल, म्हणजे कुठलं काम आधी, कुठलं नंतर हे ठरवणारा मुख्य प्रोग्राम. हा कर्नल बाहेरून विकत आणलेला. तयार शर्ट घ्यावा आणि अंगाप्रमाणे उसवून शिवावा, तसं गिऱ्हाइकाच्या यंत्राप्रमाणे त्यातलं नको ते काढायचं, हवं ते घालायचं आणि सगळं बांधून चिपमध्ये भरायचं. हे कसं करायचं, त्याचं मॅन्युअल भाऊ लिहायचे. एकदाच नव्हे, रोज. कर्नलमध्ये इकडची काडी तिकडे झाली की पान बदललंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. घर धुळ्याला, जळगावात एक खोली घेतलेली. शनिवारी एसटीनं घरी, सोमवारी परत.

मी जामनेरची, बी. कॉम., टायपिस्ट म्हणून मुलाखतीला गेले. भाऊंनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो?" नाही. "इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळतं?" नाही. "बरं झालं. उद्यापासून ये." मला वाटलं, काय देवमाणूस आहे! कसला देवमाणूस... आठवड्याभरात सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याइतकी मठ्ठ मुलगी अख्ख्या जिल्ह्यात सापडली नसती. म्हणून घेतली."

आणि ते खरंच होतं. त्यांची पद्धतच तशी. नवं पान टाइप झालं की ते मला मशीनसमोर बसवायचे. पानावर लिहिलंय तेवढंच करून मी कर्नल तयार करायचा. विचारायचं नाही. भाऊ मागे स्टुलावर, स्वतःच्या तोंडावर हात दाबून, चुकून उत्तर निघायला नको म्हणून. माझं बोट जिथं अडखळेल तिथं पानावर लाल खूण. "थांबली! म्हैस थांबली!" असं ओरडायचे आणि खुशीत ती ओळ पुन्हा लिहायला घ्यायचे. सगळे फिदीफिदी हसायचे. पहिला महिना मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढं पुढं मला कळायला लागलं, पान न बघताच हात चालायला लागला, तर या माणसाचं तोंड उतरलं. म्हणाले, "बिघडलीस तू. आता तुझा काही उपयोग नाही." मग त्यांनी अकाउंटंटला बसवलं, वॉचमनलाही बसवलं.

इंजिनियर लोकांची तर ते सालटी काढायचे. कर्नलमध्ये बदल करून कुणी सांगितलं नाही, तर त्याला उभं करून जुनं पान मोठ्यानं वाचायला लावायचे आणि वाचून झालं की त्याच्याच हातानं फाडायला लावायचे. नाशिकचा एक हुशार पोरगा या अपमानानं नोकरी सोडून गेला. भाऊंना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

याच्या अगदी उलट आमचा सुरेश. हार्डवेअर त्याच्याकडे. त्यानं जन्मात एक ओळ लिहिली नाही, सगळं डोक्यात. तो लग्नाला म्हणून गावी गेला की टेस्टिंग बंद. मग शेठ जीप पाठवून त्याला मांडवातून उचलून आणायचे आणि आल्यावर स्वतः चहा पुढं करायचे. मी हे बघत होते. भाऊंना म्हटलंसुद्धा, "भाऊ, थोडं तुम्हीपण डोक्यात ठेवा ना. सगळंच कशाला कागदावर ओतता? उद्या शेठ म्हणतील, कागद आहे, माणूस कशाला?" भाऊ खवळले. "कुणाला विचारावं लागलं तर ते मॅन्युअल कसलं? तू टायपिंग कर."

मग ते मिलिंदचं प्रकरण झालं. मिलिंद नुकताच कॉलेज संपवून आला होता, अभ्यासात यथातथाच. भाऊंनी त्याला मॅन्युअल दिलं आणि म्हणाले, एरंडोलच्या जिनिंगसाठी कर्नल बदल. शेठलाही मुद्दाम बोलावलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, नका करू. पण भाऊ तोंडावर हात दाबून स्टुलावर बसलेच. पोरगा पान उलटत गेला, करत गेला, कुठंही थांबला नाही. चिप भरली, पेटी चालू झाली. भाऊ उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो! इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी त्यांनी साऱ्या कारखान्याला पेढे वाटले, मला दोन दिले.

महिना संपता संपता शेठनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. "भाऊ, तुम्ही तर कमाल केली. आता तुम्ही मोकळे झालात आणि आम्हीपण." एवढंच. भाऊ बाहेर आले, माझ्या टेबलाशी थांबले, म्हणाले, "टायमरचं पान बदलायचं राहिलंय." आणि संध्याकाळपर्यंत बसून ते पान पुरं केलं... मला तर ते फाडून त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटत होतं.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण घेणार? एका मुलाखतीत साहेबानं विचारलं, "हा कर्नल तुम्ही बनवला?" भाऊ म्हणाले, "नाही. तो कसा बदलायचा ते लिहिलं." "मग ते आता कुणीही करेल." "हो, त्यासाठीच लिहिलं," भाऊ म्हणाले. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. शेवटी धुळ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवायला लागले. मी अधूनमधून त्या क्लासवर फोन करायची, मुद्दाम, मला येत असलेलंच काहीतरी विचारायला. वाटायचं, तेवढंच बरं वाटेल त्यांना. तर हा माणूस फोनवर डाफरायचा, "पानावर आहे. पान उघड!" आणि खाडकन फोन ठेवायचा. असा माणूस!

कारखान्यात शोकसभा झाली. वहिनींना धुळ्याहून गाडी पाठवून आणलं होतं, पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. शेठनी फोटोला हार घातला आणि अगदी मनापासून बोलले. खोटं काही बोलले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "भाऊंचं मोठेपण काय सांगू? त्यांच्यावाचून आमचं एक दिवससुद्धा काही अडलं नाही." सुरेशनं मान डोलावली. कुणीतरी टाळी वाजवली आणि जागा लक्षात येऊन थांबलं. वहिनी मांडीवरचा पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात मी धुळ्याला वहिनींकडे गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. खोलीत खिडकीला भला मोठा कूलर, पण बंद, आणि वहिनी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या. अंगावर घामोळं उठलेलं. मी म्हटलं, लाइट नाही का? तर डोक्यावर बल्ब चालू होता. "हाऊ त्यास्नीच बनाडेल शे," वहिनी कूलरकडे बघत म्हणाल्या. "कसा चालू करतस, माले माहीत नही. कधी सांगं नही त्यास्नी."

भाऊंनी घरीच जोडलेला तो कूलर मी जवळ जाऊन पाहिला. एका बटणाच्या जागी पाच बटणं, उघड्या वायरी, पंप वेगळा, पंखा वेगळा, कशावर काही लिहिलेलं नाही. साऱ्या जगाला पानं लिहून देणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात एक चिठ्ठी चिकटवली नव्हती. वहिनींचा भाऊ दोनदा वायरमनला घेऊन आला होता, वहिनींनीच त्याला दारातून परत पाठवलं. मला थोडंफार कळत होतं. मी म्हटलं, "वहिनी, थांबा, मी बघते. पाच मिनिटांत होईल." आणि पहिल्या बटणाला हात लावला.

वहिनींनी माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट.

"राहू दे माय," त्या म्हणाल्या. "कुठं तरी त्यास्नाबिगर अडू दे."

मी हात मागे घेतला. मग ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तशाच घामाघूम बसून राहिलो.