हात ढिला सोड

कापसाचा भाव चढला तशा आमच्या अकोल्यातल्या बायका सोनाराकडे चांदीच्या पाटल्या घडवू लागल्या. तरी काचेच्या बांगड्यांची टोपली घेऊन ती कासारीण यायचीच. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हात धरला की तिचं एकच पालुपद, "हात ढिला सोड व माय, काच फुटन."

मी पहिलटकरीण होते आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. बांगड्या भरता भरता तिनं माझं तोंड पाहिलं. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध तिनं अंगठा दाबून धरला. हळूहळू मळमळ बसली. तिचा भाऊ जहाजावर खलाशी होता. चीनमधल्या एका वैद्याकडून तो हे शिकून आला होता. मग त्याच जागी सरकीचा दाणा ठेवून तिनं चिंधी बांधली.

"बांगड्या मी भरीन," ती म्हणाली, "हे मातर तुयं तुलेच दाबा लागन."

मी दाबत राहिले. अन्न ठरू लागलं, लेक सुखरूप झाली.

पुढे माझा नवरा गेला. बांगड्या उतरलेल्या बाईच्या दारी कासारणीचं काय काम? पण ती आली, टोपली घरी ठेवून. माझा मोकळा हात मांडीवर घेऊन तीच जागा दाबत बसली.

"हात ढिला सोड व माय," ती म्हणाली. फुटायला काच नव्हती. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.